उद्यानातली मलवाहिनी: वास रोखण्याच्या उपायांचे परिणाम कसे तपासावेत

मलवाहिन्या आणि सार्वजनिक उद्याने वारंवार एकमेकांच्या वाटेत येतात, आणि त्यामागे भूगोल आहे. सांडपाणी शक्यतो पंपाविना, उताराने वाहावे म्हणून मुख्य वाहिन्या ओढ्यानाल्यांच्या काठाने, म्हणजे शहरातल्या सर्वांत सखल जमिनीतून टाकल्या जातात. आणि हीच जमीन पुराच्या धोक्यामुळे बांधकामातून वगळली जाऊन बऱ्याचदा उद्यान, मैदान किंवा नदीकाठची पायवाट म्हणून राखली जाते. वर हिरवळ, झाडे, खेळणारी मुले. आणि दोन-चार मीटर खाली शहराच्या एका मोठ्या भागाचा मैला, अशी ही रचना असते.

अशा उद्यानात वासाच्या तक्रारी वाढल्या की मलनिस्सारण विभाग उपाय सुचवतो: कुठे मॅनहोलची झाकणे हवाबंद करणे, कुठे वाहिनीतली हवा खेचणारा पंखा आणि ती शुद्ध करणारी टाकी बसवणे, कुठे पाण्यातच रसायन सोडणे. वास कमी करणे हे मुळातच पर्यावरणाच्या भल्याचे काम, मग त्याच्या पर्यावरणीय परिणामांची वेगळी तपासणी कशाला, असा प्रश्न इथे साहजिकच पडतो. उत्तर असे, की वाहिनीतली हवा नाहीशी होत नाही. ती एका जागी अडवली की दुसरीकडून निघते, आणि शुद्ध करून सोडायची तर त्यासाठी जागा, वीज, रसायने, आवाज आणि वाहनांची ये-जा यांच्या रूपाने किंमत मोजावी लागते. ही किंमत सार्वजनिक मोकळ्या जागेने मोजावी का, किती मोजावी आणि बदल्यात नेमके काय पदरात पडते, याचा हिशेब म्हणजे हे मूल्यमापन. माझ्या मते अशा अहवालांचा निकाल बहुतेक वेळा दोन गोष्टींवर ठरतो: तपासणीची हद्द कुठे आखली आणि वर्षातला कोणता तास हिशेबात धरला.

वास तयार कुठे होतो आणि बाहेर का पडतो

सांडपाण्यात सल्फेट नेहमीच असते. काही पुरवठ्याच्या पाण्यातूनच येते, काही डिटर्जंटांतून, काही मलमूत्रातून. वाहिनीच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीखाली, जिवाणूंचा बुळबुळीत थर साचतो. या थराच्या वरच्या पापुद्र्यातच प्राणवायू संपतो आणि आतल्या भागातले जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी सल्फेट वापरू लागतात. त्यातून सल्फाइड तयार होते. पाणी जितके कोमट, संथ आणि शिळे, तितके ते जास्त. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की सल्फाइडची निर्मिती साधारण 7 टक्क्यांनी वाढते असे अभियंते गणितात धरतात, म्हणजे 10 अंशांच्या वाढीला ती जवळपास दुप्पट होते. पंपाने पाणी ढकलणारी दाबवाहिनी तर पूर्ण भरलेली असते, तिच्यात हवेला शिरकावच नसतो. म्हणून ती जिथे उताराच्या वाहिनीत रिकामी होते तो मॅनहोल वासाच्या तक्रारींचा हुकमी पत्ता ठरतो. किनारपट्टीवर यात आणखी भर पडते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे 2,700 मिलिग्रॅम सल्फेट असते आणि तडे गेलेल्या वाहिनीत ते झिरपले तर या जिवाणूंची चंगळ होते. अशा ठिकाणी वासावरचा खरा उपाय वाहिनीची गळती बुजवणे हा असू शकतो, आणि उद्यानात यंत्र बसवण्याचा प्रस्ताव हाती आला की हा पर्याय तपासला होता का, हे आधी विचारले पाहिजे.

सल्फाइड पाण्यात विरघळलेले असेपर्यंत वर चालणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते. ते हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपात सुटते तेव्हा सडक्या अंड्याचा तो परिचित वास येतो. किती सुटेल हे पाण्याच्या आम्लतेवर आणि खळबळीवर अवलंबून असते. पीएच 7 च्या आसपास असताना विरघळलेल्या सल्फाइडपैकी सुमारे निम्मे वायुरूपात निसटू शकेल अशा स्थितीत असते. पीएच 8 झाला की हे प्रमाण एकूण सल्फाइडच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. आणि जिथे पाणी उंचावरून पडते किंवा वळणावर आपटते, तिथे ते भराभर निसटते. मर्कॅप्टन, अमोनिया, सेंद्रिय आम्ले असे इतरही गंधकारक वायू सोबत असतात. पण हायड्रोजन सल्फाइड मोजायला सोपा असल्यामुळे बहुतेक अहवाल त्याच्याभोवती फिरतात. ही सोय समजण्यासारखी आहे, मात्र तिच्यामुळे इतर वायू नजरेआड होतात हेही लक्षात ठेवावे.

आता हवेचे पाहू. वाहिनीत पाण्याच्या वर पोकळी असते आणि वाहते पाणी त्या पोकळीतल्या हवेला आपल्याबरोबर ओढत नेते. उद्यानात ओढा ओलांडायचा असेल तर वाहिनी अनेकदा ओढ्याच्या तळाखालून नेतात. हा उलटा सायफन कायम पाण्याने भरलेला असतो. पाणी पलीकडे जाते, हवेला मात्र वाट नसते. लांबून ओढत आणलेली ती हवा सायफनच्या अलीकडच्या मॅनहोलमध्ये तुंबते, तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित वाढतो आणि झाकणाच्या भोकांतून ती बाहेर येते. त्यासाठी 10 पास्कलचा फरकही पुरतो, आणि 10 पास्कल म्हणजे पाण्याच्या अवघ्या एका मिलिमीटर उंचीचा दाब. सकाळी घराघरांतून पाणी सुटले की वाहिनीतली पातळी चढते, पोकळी आकसते आणि हवा बाहेर ढकलली जाते. उद्यानात फिरायला येणाऱ्यांची वेळही नेमकी हीच.

सर्वांत स्वस्त उपाय, म्हणजे झाकण हवाबंद करणे, इथेच उघडा पडतो. दाब कायम राहतो, त्यामुळे हवा मागे सरकते आणि पुढच्या कमकुवत जागी वाट काढते: उद्यानाबाहेरच्या रस्त्यावरच्या मॅनहोलमधून, किंवा ज्या घराच्या न्हाणीघरातल्या जाळीखालचे, वास अडवून धरणारे पाणी सुकले आहे त्या घरातून. उद्यानाच्या कुंपणाशी थांबलेली तपासणी अशा वेळी शंभर टक्के यश नोंदवते आणि दोन गल्ल्या पलीकडचे रहिवासी नवे तक्रारदार होतात. शिवाय कोंडलेल्या वायूचे आतल्या ओलसर भिंतींवर जिवाणूंकरवी गंधकाम्ल होते आणि ते काँक्रीट खाते. या झिजेमागे जिवाणू आहेत हे मेलबर्नच्या मलवाहिन्यांवर काम करणाऱ्या सी. डी. पार्कर यांनी 1945 मध्ये दाखवून दिले. उद्यानातली वाहिनी छतातून खचली तर होणारे खोदकाम कोणत्याही पंख्यापेक्षा मोठे असते. कामगारांचा धोकाही वाढतो. हवेच्या दशलक्ष भागांत 100 भाग हायड्रोजन सल्फाइड ही पातळी जिवाला तत्काळ धोकादायक मानली जाते, आणि त्याच सुमारास नाक बधिर होऊ लागते, म्हणजे इशारा देणारा वासच जाणवेनासा होतो. सायफनवरून फक्त हवेसाठी वेगळी नळी पलीकडे नेणे हा तुलनेने साधा पर्याय कित्येकदा अहवालात दिसतही नाही. तो सगळीकडे जमेलच असे नाही, पण न जमण्याचे कारण लिहिलेले असावे.

सद्यस्थिती मोजताना

कोणत्याही मूल्यमापनाची सुरुवात ‘काहीच केले नाही तर काय’ या प्रश्नापासून होते. त्यासाठी मॅनहोलच्या आत वायूची नोंद ठेवणारी छोटी उपकरणे टांगतात आणि शेजारी दाबमापक लावतात. एका दुपारचे मोजमाप इथे कुचकामी असते. कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस, पंप चालू होण्याच्या वेळा, उन्हाळ्याचा कोमट आणि कमी प्रवाहाचा काळ हे सर्व नोंदीत यायला हवे. हिवाळ्यात केलेल्या मोजणीवर उन्हाळ्याचे यंत्र बेतले तर पहिल्याच उन्हाळ्यात ते अपुरे पडते.

वायूचे प्रमाण हा अर्धा भाग झाला. माणसाला जाणवणारा वास मोजण्यासाठी अजूनही माणसाचेच नाक वापरतात. युरोपीय मानक ईएन 13725 प्रमाणे हवेचा नमुना खास पिशवीत भरून प्रयोगशाळेत नेतात, निवडलेल्या व्यक्तींच्या गटासमोर तो शुद्ध हवेत मिसळून क्रमाक्रमाने सादर करतात आणि गटातल्या निम्म्यांना वास जेमतेम ओळखू येईल तितकी विरलता शोधतात. नमुना 1,000 पट विरळ केल्यावर ही सीमा आली तर त्या हवेत 1,000 गंध एकके आहेत असे म्हणतात. गटात घ्यायच्या व्यक्तींचे नाक ब्युटेनॉल या ठरावीक रसायनावर तपासून घेतात. फार तिखट नाकाची व्यक्तीही बाद होते आणि फार मंद नाकाचीही.

दुसरी पद्धत थेट जागेवरची. प्रशिक्षित निरीक्षक ठरलेल्या बिंदूवर 10 मिनिटे उभा राहतो आणि दर 10 सेकंदांनी एक श्वास घेऊन वास आला की नाही, कशाचा आला, हे टिपतो. म्हणजे एका बैठकीत 60 श्वास. त्यांतल्या किमान 10 टक्के, म्हणजे 6 श्वासांत तो वास आला, तर तो तास ‘गंधतास’ म्हणून धरतात. असे बिंदू जाळीसारखे आखून वर्षभर वेगवेगळ्या वेळी फेऱ्या केल्या की त्या भागात वर्षातले किती टक्के तास वासाचे, हे कळते. जर्मनीत या मोजणीवर कायदेशीर मर्यादा बेतलेल्या आहेत: निवासी भागात वर्षातल्या 10 टक्के तासांपर्यंत, औद्योगिक भागात 15 टक्क्यांपर्यंत, 2021 पासून त्या तिथल्या वायुप्रदूषणाच्या केंद्रीय नियमावलीतच समाविष्ट आहेत. इंग्लंडमधली पद्धत निराळी आहे. तिथे संगणकीय प्रतिमानाने दर तासाची सरासरी काढतात आणि वर्षातले सर्वांत वाईट 2 टक्के तास वगळून उरलेल्यांतला कमाल आकडा तपासतात. अतिशय किळसवाण्या वासांसाठी तो घनमीटरला 1.5 गंध एककांपेक्षा कमी असावा अशी तिथल्या पर्यावरण संस्थेची मार्गदर्शक पातळी आहे.

या 2 टक्क्यांवर थोडे थांबायला हवे. वर्षातल्या 8,760 तासांचे 2 टक्के म्हणजे सुमारे 175 तास. शेजारी राहणाऱ्या माणसासाठी हे तास दिवसरात्र विखुरलेले असतील तर सूट कदाचित वाजवी ठरेल. पण उद्यानात रोज पहाटे एकच तास चालणाऱ्या व्यक्तीचे वर्षातले एकूण तासच 365 असतात, आणि वाऱ्याच्या व प्रवाहाच्या कारणांमुळे वासाचे तास पहाटेच एकवटले तर तिच्या वाट्याला जवळपास निम्मे दिवस वासाचे येऊ शकतात. कागदावर निकष पाळला गेलेला असतो. घर आणि कारखाना डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेले निकष उद्यानाला जसेच्या तसे लावू नयेत, असे मला वाटते. किमान उद्यान वापरले जाते त्या तासांचे गणित वेगळे मांडायला हवे. वासाचा त्रास ठरवताना वारंवारता, तीव्रता, कालावधी, किळस आणि ठिकाण असे पाच घटक पाहण्याची रूढ पद्धत आहे, आणि त्यातला ‘ठिकाण’ हा शब्द इथे सर्वांत जास्त वजन घेतो.

नव्व्याण्णव टक्के शुद्ध, तरीही

यंत्राच्या माहितीपत्रकात 99 टक्के हायड्रोजन सल्फाइड काढून टाकण्याचा दावा असतो आणि तो बहुधा खराही असतो. समजा वाहिनीतल्या हवेत दशलक्ष भागांत 20 भाग वायू आहे. 99 टक्के काढल्यावर दशलक्षात 0.2 भाग, म्हणजेच अब्जात 200 भाग उरतो. वासाचा उपद्रव टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली अर्ध्या तासाची सरासरी पातळी घनमीटरला 7 मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्जात सुमारे 5 भाग आहे. उरलेला एक टक्का या पातळीच्या 40 पट झाला. त्यामुळे शुद्ध केलेली हवा कुठून, किती उंचीवर आणि कोणत्या वेगाने सोडली जाते, हा प्रश्न यंत्राच्या कार्यक्षमतेइतकाच महत्त्वाचा ठरतो. याच संघटनेची आरोग्यासाठीची 24 तासांची पातळी घनमीटरला 150 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे उद्यानातला प्रश्न बहुतेक वेळा विषबाधेचा नसून उपद्रवाचा असतो. अहवालाने हे दोन्ही वेगळे मांडले तर नागरिकांची निष्कारण भीतीही टळते आणि खऱ्या त्रासाची ‘आरोग्याला धोका नाही’ एवढ्या एका वाक्यावर बोळवणही होत नाही.

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तो उद्यानात जमिनीलगत साचतो, असे नेहमी सांगितले जाते. बंद चेंबरमध्ये, प्रमाण जास्त असताना, ही भीती रास्त आहे. मात्र अब्जात काही भाग इतका विरळ झालेला वायू हवेतून वेगळा होऊन खाली बसत नाही. तो आजूबाजूची हवा जाईल तिकडे जातो. सखल उद्यानात पहाटे वास साचण्याचे कारण हवेतच आहे. निरभ्र रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची गार हवा उताराने ओढ्याकडे घरंगळते, वर उबदार हवेचे झाकण बसते आणि वारा पडतो. अशा हवेत मिसळण फारच कमी होते. वास हवेत कसा पसरेल याचे संगणकीय प्रतिमान चालवताना दूरच्या विमानतळावरचा वारा वापरला तर ही दरीतली स्थिती हिशेबात येतच नाही, आणि प्रतिमान उद्यानाला प्रत्यक्षापेक्षा हवेशीर ठरवते.

उंच नळी हा त्यावरचा जुना तोडगा. नळीची उंची शेजारच्या इमारतीच्या साधारण अडीच पटींपेक्षा कमी असेल तर इमारतीमागच्या भोवऱ्यात हवा खाली खेचली जाऊ शकते. म्हणजे 4 मीटर उंच यंत्रघराला 10 मीटरची नळी हवी, आणि उद्यानात 10 मीटरची नळी लपत नाही. वास आणि दृश्य यांची ही अदलाबदल प्रत्येक प्रस्तावात कुठे ना कुठे असतेच. तिचा निवाडा आकड्यांनी होत नाही. ती उघडपणे मांडावी लागते.

कोणता उपाय कशाच्या बदल्यात

दोन रूढ पद्धतींची तुलना केली की हा व्यवहार स्पष्ट होतो. समजा वाहिनीतून सेकंदाला एक घनमीटर हवा खेचायची आहे. बायोफिल्टरमध्ये ही हवा लाकडाच्या छिलक्यांच्या ओलसर थरातून वर जाते आणि त्यावर वाढलेले जिवाणू गंधकारक वायू फस्त करतात. हवा थरात 45 सेकंद राहावी असे धरले तर 45 घनमीटर माध्यम लागते. थर एक मीटर जाडीचा असेल तर 45 चौरस मीटर जागा, शिवाय भोवतीचे कुंपण आणि गाडी फिरण्याची वाट. सक्रिय, म्हणजे वायू स्वतःत धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या टाकीत सुमारे 3 सेकंद पुरतात, म्हणजे तेवढ्याच हवेला 3 घनमीटर कोळसा. जागेच्या हिशेबात कोळसा सहज जिंकतो. पण तो संपतो. वायूचे प्रमाण जास्त असेल तर लवकर संपतो, दमट हवेत त्याची क्षमता घटते, अमोनिया त्याला नीट धरता येत नाही, आणि दर वेळी तो बदलायला अवजड वाहन उद्यानातल्या पायवाटेवरून आणावे लागते. काढलेल्या कोळशाची विल्हेवाट हाही परिणामच, फक्त तो उद्यानाबाहेर घडतो.

बायोफिल्टरला रसायने लागत नाहीत आणि तो हिरवळीत मिसळून जातो, म्हणून उद्यानांसाठी तो नेहमी पुढे केला जातो. त्याच्या अडचणी कमी बोलल्या जातात. थर सुकला तर जिवाणू मरतात, म्हणून सतत पाणी शिंपावे लागते. छिलके कुजून बसतात आणि काही वर्षांनी संपूर्ण थर बदलावा लागतो. खालून निघणारे पाणी आम्लयुक्त असते आणि ते जमिनीत न मुरू देता पुन्हा मलवाहिनीत सोडावे लागते. थर जुना झाला की त्यात भेगा पडतात आणि हवा सोपी वाट धरते. गार सकाळी असा बायोफिल्टर पाहिला तर हे नुसत्या डोळ्यांनी कळते: चांगल्या थरावर वाफ सगळीकडून सारखी, विरळ निघते, आणि बिघडलेल्या थरात कडेला भिंतीलगत किंवा मधल्या दोन-तीन भेगांतून दाट वाफेचे लोट दिसतात, बाकी पृष्ठभाग कोरडा असतो. त्या भेगांतून येणारी हवा जवळजवळ न शुद्ध झालेलीच असते.

आम्ल सहन करणाऱ्या जिवाणूंचे उंच, टिपकणारे फिल्टर कमी जागेत बसतात, पण त्यांना पाण्याचा अखंड फेर लागतो. रासायनिक धुलाईचे मनोरे कॉस्टिक सोडा आणि हायपोक्लोराइट वापरतात. मुलांच्या वावराच्या जागेत या रसायनांचा साठा करणे मला कोणत्याही कागदी सुरक्षिततेनंतरही पटत नाही.

पाण्यातच रसायन सोडण्याचा मार्ग यापेक्षा वेगळा आहे, कारण त्याची टाकी उद्यानात असण्याची गरज नसते. ती वरच्या बाजूला, एखाद्या पंपिंग स्टेशनच्या आवारात ठेवता येते. नायट्रेट दिले की जिवाणू सल्फेटऐवजी ते वापरतात, लोहक्षार सल्फाइडला धरून काळा अविद्राव्य साका करतात आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पीएच वाढवून सल्फाइडला पाण्यातच ठेवते. उद्यान मोकळे राहते. मात्र नायट्रेट जास्त पडले तर शुद्धीकरण केंद्रावरचा नत्राचा भार वाढतो, लोहाने गाळ वाढतो आणि रसायनाचे टँकर वर्षानुवर्षे चालू राहतात. इथेही हद्दीचा प्रश्न येतोच: उद्यानापुरता अहवाल लिहिला तर हा पर्याय जवळपास निष्कलंक दिसतो.

जमीन, झाडे, आवाज

45 चौरस मीटर ही जागा मोठ्या उद्यानात नगण्य वाटते. कायदा मात्र कित्येक ठिकाणी क्षेत्रफळाच्या आधी हेतू पाहतो. अमेरिकेत 1965 च्या भूमी व जलसंवर्धन निधी कायद्याखालचे पैसे ज्या उद्यानाला मिळाले आहेत, त्याची जमीन मनोरंजनाव्यतिरिक्त कामासाठी वळवायची तर किमान तितक्याच बाजारमूल्याची आणि तशाच उपयोगाची पर्यायी जमीन द्यावी लागते. न्यूयॉर्क राज्यात उद्यानाची जमीन लोकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेली मालमत्ता मानली जाते. ब्राँक्समधल्या व्हॅन कोर्टलँड पार्कमध्ये जमिनीखाली जलशुद्धीकरण केंद्र बांधून वरचे गोल्फ मैदान पूर्ववत करण्याची शहराची योजना होती. तरीही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये निकाल दिला की उद्यानाचा असा वापर विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय करता येणार नाही, मग जमीन नंतर पूर्ववत होणार असो वा नसो. ते केंद्र पिण्याच्या पाण्याचे होते, पण ‘सगळे जमिनीखाली आहे, वर गवत लावून देऊ’ हा युक्तिवाद मलनिस्सारण प्रकल्पांतही नेहमी ऐकू येतो, म्हणून हा निकाल इथे लागू पडतो. उलट्या दिशेचे उदाहरणही त्याच शहरात आहे: 1986 मध्ये सुरू झालेल्या नॉर्थ रिव्हर मैलाशुद्धीकरण केंद्राच्या छतावर 1993 मध्ये 28 एकरांचे रिव्हरबँक स्टेट पार्क खुले झाले, आणि तिथे वासाच्या तक्रारींवरून रहिवाशांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

झाडांचे नुकसान बहुधा यंत्रामुळे होत नाही. ते यंत्रापर्यंत नेलेल्या हवेच्या नळीसाठी आणि विजेच्या तारेसाठी खणलेल्या चरांमुळे होते. ब्रिटिश मानक बीएस 5837 प्रमाणे झाडाभोवती खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येचे क्षेत्र खोदकामापासून राखावे. अर्धा मीटर व्यासाच्या खोडाला हे 6 मीटर होते. आराखड्यावर झाडे ठिपक्यांनी दाखवलेली असतात, मुळे दाखवलेली नसतात. चर 3 मीटरवरून जात असेल तर आज झाड वाचल्यासारखे दिसते आणि काही वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते, तोवर ठेकेदाराची जबाबदारी संपलेली असते.

आवाजाचेही तसेच. मिनिटाला 1,500 फेरे घेणारा, 10 पात्यांचा पंखा सेकंदाला 250 कंपनांचा एकसुरी घूं-घूं आवाज करतो. डेसिबलमध्ये तो वाहतुकीपेक्षा कमी भरतो, पण एकसुरी आवाज कान वेगळा काढतो. म्हणूनच काही मानकांत अशा आवाजाच्या मोजमापात 6 डेसिबलपर्यंत अधिभार धरतात. ही मानके घरांसाठी लिहिलेली आहेत. पक्ष्यांसाठी आणि शांततेसाठी येणाऱ्या माणसांसाठी उद्यानातली पहाटेची मूळ शांतता आधी मोजून, तिच्या तुलनेत पंखा किती वाढ करतो, हे सांगणे जास्त प्रामाणिक ठरते. रात्रीचा सुरक्षा दिवा, कुंपण, बांधकामाच्या काळात बंद राहणारी वाट हे परिणाम छोटे आहेत आणि अटी घालून आटोक्यात राहतात.

यंत्र बंद पडते तो तास

बहुतेक अहवाल यंत्र नीट चालत असल्याचे गृहीत धरतात. पंखा बंद पडला, वीज गेली किंवा कोळसा संपला तर काय होते, याचे स्वतंत्र गणित हवे, कारण तेव्हा उद्यानात येणारी हवा आधीपेक्षा वाईट असू शकते: पूर्वी दहा झाकणांतून थोडीथोडी निघणारी हवा आता एकाच नळीकडे वळवलेली असते. दुसरा पंखा तयार ठेवणे, दाब वाढल्यास आपोआप इशारा जाणे आणि बिघाडाच्या काळात उद्यानाच्या नोंदफलकावर सूचना लागणे, या गोष्टी मंजुरीच्या अटींत लिहिलेल्या असाव्यात, देखभालीच्या सदिच्छेवर सोडलेल्या नसाव्यात.

कोळशाच्या टाकीबाबत एक अट विशेष उपयोगी पडते. टाकीच्या उंचीवर वेगवेगळ्या पातळ्यांना नमुना घेण्याची तोंडे ठेवली की वापरलेल्या कोळशाची सीमा वर कशी सरकते आहे हे कळते, आणि शेवटच्या आधीच्या तोंडाशी हायड्रोजन सल्फाइड दिसू लागला की माल बदलायचा. फक्त बाहेरच्या नळीत मोजणारी व्यवस्था कोळसा संपल्यावरच बोलते. यासोबत तक्रारवही ठेवावी, तीत तारीख, वेळ, जागा आणि वासाचे वर्णन असावे, आणि दर महिन्याला ती पंख्याच्या नोंदी, मॅनहोलमधला दाब आणि जागेवरच्या वाऱ्याशी ताडून पाहावी. पंखा चालू, मॅनहोलमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी, तरीही तक्रार, असे दिसले तर वासाचा उगम बहुधा दुसरीकडे, बायोफिल्टरच्या भेगेत किंवा वरच्या बाजूच्या एखाद्या मॅनहोलमध्ये शोधावा लागतो; आणि यासाठी तक्रारवहीत उद्यानाबाहेरच्या दोन-तीन गल्ल्यांच्या नोंदीही घेतल्या जात असल्या पाहिजेत.